मणिराव आहेत तोवर

मला लिहिता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील पूर्णाकाठच्या एका गावात पिठाची गिरणी चालवतात, आणि आमच्याकडे लिहिणं म्हणजे गिऱ्हाइकांच्या डब्यांवर खडूने नावं घालणं. मी स्वतः आजवर प्रयोगशाळेतले अहवाल लिहिले, तेही इंग्रजीत. अशा माणसाने एका वडीलधाऱ्या गृहस्थांबद्दल लिहायला बसावं, हे मलाच बरं वाटत नाही. शिवाय मी त्यांचा कोणी नव्हतो, वरच्या खोलीतला भाडेकरू होतो. लिहायचं ते त्यांच्या मुलीने. पण तिला देवनागरी वाचता येत नाही. मराठी तिला सगळं कळतं. बोलताना मात्र अर्ध्या वाक्यात ती तमिळमध्ये उतरते. तिने त्यांच्याबद्दल तमिळमध्ये लिहिलं तर ते माझ्या लिहिण्यापेक्षा खरं होईल, पण त्यात त्यांचं बोलणं येणार नाही. ते बोलणं ऐकलेली माणसं आता फार उरलेली नाहीत. म्हणून लिहितो. कमीजास्त झालं तर माफ करावं.

अन्नप्रक्रियेचं शिक्षण घ्यायला मी तंजावरला गेलो. पहिल्या वर्षानंतर वसतिगृहात जागा मिळाली नाही, तेव्हा राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून खोली शोधत हिंडत होतो. तमिळ येत नव्हतं. लोक हातवारे करून पुढच्या गल्लीकडे बोट दाखवत, आणि पुढच्या गल्लीतले मागच्या. शेवटी एका भिंतीच्या सावलीत उभा राहून आईला फोन लावला. तिला सांगत होतो की सगळं ठीक आहे, जेवण चांगलं आहे. आवाज मात्र ठीक नसावा. तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून एक लहानसं पांढरं कुत्रं उठलं, शेपूट हलवत रस्ता ओलांडून आलं आणि माझ्या चपलेवर बसलं.

ओट्यावर एक उंच, वाळके गृहस्थ बसले होते. पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं लुंगीसारखं धोतर, उघडं अंग, डोळ्यांवर जाड चष्मा.

"मणिरावांनीं तुम्हांस वळखलें," ते म्हणाले. "मऱ्हाटी कानीं पडलें कीं ते उठतात. फार दिवसांनीं उठले."

मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. तंजावरात मराठी लोक आहेत हे पुस्तकातून माहीत होतं, पण ते असं बोलत असतील हे माहीत नव्हतं. कोणी जुनी बखर उघडून तिच्यातून माझ्याशी बोलतंय असं वाटलं. त्यांनी मला खोली दाखवली नाही, गावाचं नाव विचारलं नाही, जातपातही विचारली नाही. आधी कुत्र्याकडे वळून विचारलं, "काय मणिराव, राहूं द्यावें कां?" कुत्रं माझ्या चपलेवरून हललं नाही. "सरि, बरें," ते म्हणाले, आणि किल्ली आणायला आत गेले.

ते निवृत्त शिक्षक होते. पापनाशमच्या एका शाळेत त्यांनी सारी नोकरी भूगोल शिकवण्यात घालवली, रोज गाडीने जाऊन-येऊन. तमिळ मुलांना ते तमिळमधून शिकवत. पण महाराष्ट्राचा नकाशा फळ्यावर काढायची वेळ आली की हात आपोआप सावकाश चाले, असं ते सांगत. महाराष्ट्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. जायचं राहून गेलं एवढंच त्याबद्दल म्हणत. मला त्यांनी नावाने कधीच हाक मारली नाही. "काय महाराष्ट्र, जेवण जालें कां?" जिन्याखालून हाक येई. गल्लीतल्या मुलांनी ती उचलली, आणि शेवटी दूधवालासुद्धा मला महाराष्ट्र म्हणू लागला.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पूर्णा नदीबद्दल विचारलं. मी सांगितलं की उन्हाळ्यात तिच्या पात्रात आम्ही क्रिकेट खेळतो. ते म्हणाले, "मीं ती निळी काढत असें." मला फार वाईट वाटलं. पावसाळ्यात असतं पाणी, काका, भरपूर असतं, असं मी घाईघाईने सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांची समजूत पटलेली दिसली नाही. त्यांना न पटणाऱ्या किंवा न उलगडणाऱ्या सगळ्या गोष्टींसाठी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "हें नकाशांत नाहीं." वीज गेली, मुलीचा फोन आला नाही, सांबारात मीठ दोनदा पडलं, सगळ्यावर हेच.

तमिळनाडूत दर दुसऱ्या कुत्र्याचं नाव मणि असतं. समोरच्या घरातली फुलवाली बाई, जी दिवसभर आपल्या पायरीवर बसून मोगऱ्याचे गजरे बांधायची, तीही त्याला मणिच म्हणे. पण काकांचं म्हणणं असं, की या घरात जो जो राहिला तो राव होता. मग यांचंच काय म्हणून अर्धं नाव? ते त्याला अहो-जाहो करत. मला आधी ती गंमत वाटली. मग लक्षात आलं की ते कोणालाच अरेतुरे करत नाहीत, मलाही नाही; आणि त्यांच्या पत्नी, काकू, गेल्यापासून या घरात मराठीत बोलायला मणिरावांशिवाय कोणीच नव्हतं. आसपासची मराठी घरं एकेक करून चेन्नईला, बंगळूरला, परदेशी गेली होती. सकाळी अंघोळ करून ते मणिरावांना पंचांग वाचून दाखवत, मग वर्तमानपत्रातली पावसाची बातमी मराठीत करून सांगत. कावेरीवरच्या मेट्टूर धरणात पाणी किती आलं, हे त्या कुत्र्याइतकं नियमितपणे तंजावरात कोणाला कळत नसेल.

आमच्या गावात कुत्रं दारात असतं. त्याला उरलेली भाकरी टाकतात, ते राखण करतं, आणि एक दिवस दिसेनासं होतं. त्याला कोणी डॉक्टरकडे नेत नाही. म्हणून मणिरावांचं जेवण मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जिन्यातच थांबलो. स्वयंपाकघराच्या दारात दोन ताटल्या मांडलेल्या. काका खाली बसले. कुत्रं आपल्या ताटलीपुढे बसलं, पण तोंड लावेना. काकांनी पहिला घास घेतला, चावला, गिळला. तेव्हा कुठे त्याने मान खाली घातली. काकूंनी लावलेली ही सवय. आधी घरधन्याने सुरुवात करायची, मग बाकीच्यांनी. बाकीच्यांत आता मणिरावच होते.

कावेरीला पाणी सुटलं की काका त्याला रिक्षाने तिरुवैयारुला नेत. एकदा मलाही नेलं. घाटाच्या पायऱ्यांवर बायका आंबटभाताचे, दहीभाताचे डबे उघडून बसल्या होत्या, पोरं पाण्यात उड्या मारत होती. मणिराव पाण्याच्या कडेला गेले, आणि एवढं मोठं काहीतरी हलत पुढे चाललंय हे पाहून जिवाच्या आकांताने भुंकायला लागले. काका वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिले आणि वर्गात बोलावं तसं बोलू लागले. "मणिराव, भिऊं नका. ही कावेरी. कोडगूंत उगम. वाटेंत हेमावती मिळाली, कबिनी मिळाली, भवानी मिळाली. येथें आली ती थकून आली आहे. ती तुम्हांस काय करणार?" घाटावरची माणसं हसत होती. मणिराव एक पाय पाण्यात घालून बघायचे आणि झटकून मागे यायचे. शेवटी काकांनी त्याला उचलून पोटापर्यंत बुडवलं, तेव्हा भुंकणं थांबलं आणि त्याने काकांच्या मनगटावरचं पाणी चाटलं. रिक्षात परतताना ओलं कुत्रं मांडीवर घेऊन काका गात होते. त्यांना गाता येत नव्हतं. मी त्यांना इतकं खूश पुन्हा कधी पाहिलं नाही.

मणिरावांचा आजार मुंग्यांनी सांगितला. मागच्या अंगणात, विहिरीजवळ, जिथे तो पाय वर करत असे तिथे मुंग्यांची रांग लागू लागली. काका दोन सकाळी तिथे उकिडवे बसून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "महाराष्ट्र, रिक्षा बोलवा. यांस साखर जाली आहे." त्यांना स्वतःला कित्येक वर्षांपासून मधुमेह होता, त्यांच्या वडिलांचाही असाच मुंग्यांनी सांगितला होता. मी मनात म्हटलं, कुत्र्याला कुठे साखर होते. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि काकांकडे आदराने बघितलं.

मग इंजेक्शनं सुरू झाली, सकाळ-संध्याकाळ. काका रोज स्वतःच्या पोटात सुई टोचून घेत, तेव्हा त्यांचा हात कधी थरथरला नाही. मणिरावांच्या मानेची कातडी चिमटीत धरली की मात्र सुई हवेतच फिरायची. "आधीं मीं घेतों, तुम्हीं पाहा," असं त्याला सांगून ते आधी स्वतःला टोचत. मग मी कुत्र्याला धरायचं. फुलवाली बाई समोरून हे सगळं बघायची. तिचं म्हणणं होतं की वाद्यार, म्हणजे मास्तर, या कुत्र्यासाठी जेवढं करतात त्याच्या अर्धं जरी तिच्या नवऱ्यासाठी कोणी केलं असतं तर तो अजून पायरीवर बसून तिच्याशी भांडत असता. काका म्हणाले, तुमचा नवरा असा शांत बसून टोचून घेत होता का? ती हसून हसून गजरा विसरली.

डॉक्टरीणबाईंनी अंडं द्यायला सांगितलं. त्या घरात अंडं कधी आलेलं नव्हतं. काकांनी मोठा विचार केला आणि ठरवलं की वरची खोली भाड्याने दिलेली आहे, म्हणजे ती घरात धरायची नाही. तेव्हापासून मी माझ्या विजेच्या शेगडीवर अंडं उकडायचं, सोलायचं, आणि कागदात गुंडाळून जिन्यावरून खाली द्यायचं. काका त्याला मात्रा म्हणत. "मणिरावांची मात्रा आली कां?" असं ते मला मोठ्याने विचारत, आणि फुलवाली बाई तिकडून तेवढ्याच मोठ्याने तमिळमध्ये विचारे की आज मात्रा कोंबडीची की बदकाची.

आता जे सांगायचं आहे ते नीट जमेल का माहीत नाही.

काकू हयात असताना एकादशी करत. काका करत नसत. उलट चेष्टा करत. पण काकू गेल्या त्या दिवशी त्यांनी काकूंपुढे कबूल केलं की इथून पुढे तुमची एकादशी मी चालवीन, आणि ती त्यांनी एकदाही मोडली नव्हती. मणिरावही एकादशी करत. काकूंच्या काळापासून त्या दिवशी त्याच्या ताटलीत भात पडत नसे. थोडं दूध आणि केळं मिळे, तेही संध्याकाळी. काकांना याचा अभिमान होता. आलेल्या-गेलेल्याला ते सांगत की आमच्या घरांत दोघे उपास करतात. फुलवाली म्हणे, कुत्रं आधी वैकुंठाला पोचेल आणि तुम्ही दारात उभे राहून त्याला हाका मारत बसाल.

इंजेक्शन सुरू झाल्यावरची पहिलीच एकादशी होती. उपासाला स्वतःची सुई टाळायची, हे काकांना त्यांच्या डॉक्टरांनी केव्हाच सांगितलेलं होतं. मणिरावांच्या बाबतीत मात्र डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की काहीही झालं तरी एकही इंजेक्शन चुकवायचं नाही. कुत्रा एकादशी करत असेल, हे त्यांच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. काकांनी दोघांचंही ऐकलं. डॉक्टरांचं म्हणून सुई दिली, आणि काकूंचं म्हणून ताटली रिकामी ठेवली. एक शब्द मोडू नये म्हणून जन्मभर जपणाऱ्या माणसाने एका सकाळी दोन शब्द एकदम पाळले.

मला परीक्षेची सुट्टी होती, मी वर वाचत होतो. खालून काकांची हाक आली, पण ती नेहमीसारखी नव्हती. खाली आलो तर मणिराव ओसरीवर चालायचा प्रयत्न करत होते आणि पाय चारी दिशांना जात होते. मग ते कुशीवर पडले आणि थरथरू लागले. काकांनी एकदा बघितलं आणि साखर उतरल्याचं ओळखलं. हे त्यांच्या स्वतःच्या अंगावरून कितीदा तरी गेलेलं होतं. ते धावत आत गेले. या वयाच्या माणसाला मी तसं धावताना पाहिलं नव्हतं. गुळाचा खडा आणला, पाण्यात चुरडला आणि बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळू लागले. कुत्र्याचे दात त्यांच्या बोटात रुतले, रक्त आलं, तरी ते चोळत राहिले आणि बोलत राहिले. "चाटा, मणिराव, चाटा. चूक माझी. तुमची एकादशी जाली. पुरें जालें. चाटा."

रिक्षात बसेपर्यंत थरथर कमी झाली होती. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना आम्ही काय झालं ते सांगितलं, तेव्हा त्यांना आधी कळलंच नाही. काकांनी तमिळमध्ये पुन्हा सांगितलं. त्या एकदम रागावल्या. वाट्टेल ते बोलल्या नाहीत, पण सर, तुम्ही शिकलेले आहात, असं म्हणाल्या. काका शाळेतल्या मुलासारखे हात बांधून उभे होते. इंजेक्शनापूर्वी पोटात अन्न गेलंच पाहिजे, आणि इंजेक्शन रोज लागणार, एवढं बाईंनी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

पुढची एकादशी आली. मी कॉलेजला जायच्या गडबडीत अंडं घेऊन खाली उतरलो तर काका स्वयंपाकघराच्या दारात बसले होते. समोर एकच ताटली, मणिरावांची, दहीभाताची. मणिराव बसून काकांकडे बघत होते. काकांपुढे ताटली नव्हती, म्हणून तेही सुरू करत नव्हते. काकांनी त्याला सांगून पाहिलं, ताटली पुढे सरकवून पाहिली. मग रिकामा हात तोंडाकडे नेऊन त्यांनी नुसतंच चावल्यासारखं केलं. मणिराव त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. इतकी वर्षं समोर बसून जेवलेल्या कुत्र्याला ते फसवणार कसे? सुईची वेळ टळत चालली होती. मी म्हटलं, काका, मी खातो, माझं बघून खाईल. मी त्याच्यासमोर बसून अंड्याचा तुकडा खाल्ला. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

काका उठले. बाहेरच्या खोलीत काकूंचा फोटो होता, त्यापुढे जाऊन उभे राहिले. मला ऐकू यावं असा त्यांचा हेतू नव्हता, पण ते घर लहान होतं.

"मीं तुम्हांस शब्द दिला होता," ते म्हणाले. "तो आज मोडतों. मणिरावांस यांत कांहीं लावूं नका. ते लहान आहेत."

मग ते परत आले, आपल्यासाठी ताटली घेतली, दहीभात वाढून घेतला आणि बसले. पहिला घास त्यांच्या तोंडात बराच वेळ तसाच राहिला. मणिराव वाट बघत होते. शेवटी त्यांनी गिळला, आणि कुत्र्याने मान खाली घातली. मी कुत्र्याला धरायला थांबलो होतो, पण त्या दिवशी काकांनी एकट्यानेच सुई दिली. त्यानंतर दर एकादशीला ते जेवत. कोणी विचारलं तर सांगत की आमच्या घरीं आजारी माणूस आहे.

त्यांची मुलगी चेन्नईत बँकेत नोकरीला आहे. ती वर्षातून एक-दोनदा येई, एकटीच. तिच्या मुलाला दम्याचा त्रास आहे आणि कुत्र्याच्या केसांनी तो वाढतो. वाईट मनाची अजिबात नाही. उलट आली की ती आधी स्वयंपाकघरातले डबे उघडून बघे, मग वडिलांच्या पायांवर जखमा आहेत का ते बघे, आणि मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणून बाजूला घेऊन हजार प्रश्न विचारे. अप्पा एकटे पडले तर? साखर उतरली आणि घरात कोणी नसलं तर? तू काय, दोन वर्षांनी जाशील. तिची भीती खरी होती, आणि फ्लॅटमध्ये तिने वडिलांसाठी खोली तयार करून ठेवलेली होती.

एका दिवाळीला ओट्यावर बसून ती त्यांच्याशी स्पष्टच बोलली. मी पायरीवर होतो, उठून जावं की बसावं ते कळत नव्हतं.

"अप्पा, हा मणि असेपर्यंत तुम्ही यायचे नाहीत, तेच ना? सांगून टाका बघू."

"मणिराव आहेत तोवर मला येथून हलतां येत नाहीं," काका म्हणाले. "त्यांची सुई कोण देईल?"

"आणि मग? मग तरी?"

काका बराच वेळ कुत्र्याचा कान खाजवत राहिले.

"मग येईन."

"शब्द?"

"शब्द," ते म्हणाले. ती समाधानाने आत गेली, आणि तिकडून भांड्यांचे आवाज येऊ लागले. काका मला हळूच म्हणाले की तिच्या घरी नातू इंग्रजीत बोलतो, जावई तमिळमध्ये, मुलगी दोन्हींत. घर मोठं आहे, सगळे फार चांगले वागतात. "पण तेथें मीं सकाळीं पंचांग कोणास वाचूं?"

माझ्या शेवटच्या वर्षी मणिरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाले. साखरेच्या कुत्र्यांना हे होतंच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डोळे आधी निळसर, मग दुधासारखे झाले. तो ओट्यावर यायचा बंद झाला. भिंतीला अंग घासत विहिरीपर्यंत जाई आणि तिथेच लिंबाच्या झाडाखाली पडून राही. काकाही ओट्यावर बसायचे कमी झाले. खुर्ची मागच्या अंगणात नेली. गल्लीला ते दोघे दिसेनासे झाले. फुलवाली सकाळी फुलं द्यायच्या निमित्ताने मागच्या दाराने डोकावून येई, तेवढंच.

मी निघालो त्या दिवशी काकांनी मला स्टेशनवर पोचवायला येणं टाळलं. मणिरावांना एकटं ठेवता येत नाही म्हणाले. मी दोघांच्या पाया पडलो. कुत्र्याच्या पाया पडलो हे गावी कोणाला सांगितलं नाही.

मला पुण्याजवळ बिस्किटांच्या कारखान्यात नोकरी लागली. दर रविवारी काकांना फोन करायचो. खरं सांगायचं तर त्यांच्याबद्दल विचारायला मला संकोच वाटे. कसे आहात असं विचारलं की ते बरा आहें म्हणून थांबत, आणि पुढे काय बोलावं ते आम्हा दोघांनाही सुचत नसे. म्हणून मी मणिरावांबद्दल विचारी. मग ते मोकळे होत. आज इडली पुरती खाल्ली. काल जरा कुरकुर केली. साखर वर आहे, पण डॉक्टर म्हणाल्या चालेल. पाऊस फार आहे, विहिरीकडे जायला कंटाळतात. दिवाळी झाली, पोंगल झाला, आणि दर रविवारी मला ही हकीकत मिळत राहिली. मुलीलाही रोज संध्याकाळी हीच मिळत होती. आमच्या आईलासुद्धा सवय झाली. रविवारी ती विचारायची, ते साखरेचं कुत्रं कसं आहे रे?

गुढीपाडव्याच्या सुमारास कामावर असताना मुलीचा फोन आला. अप्पा गेले, ती म्हणाली. सकाळी फुलवाली फुलं द्यायला गेली तर ते मागच्या अंगणात खुर्चीतच होते. दोन दिवस झाले होते, सगळं आटोपलं होतं. पण ती तेवढ्यासाठी बोलत नव्हती, तिला घाई होती.

"तंबी, मणि सापडत नाही. या गर्दीत कुठे गेला कळत नाही. फ्रिजमध्ये त्याची बाटली आहे, सुया आहेत. त्याला किती द्यायचं ते सांग मला. दोन दिवस काही दिलं नाही कोणी, अय्यो, उपाशी असेल."

मी तिला सांगितलं की त्याला दिसत नाही, तो लांब जाणार नाही, विहिरीजवळ लिंबाखाली बघा. सुईचं प्रमाण सांगितलं. आधी खायला घाला, मग सुई. आणि तुम्ही स्वतः त्याच्यासमोर बसून आधी घास घेतल्याशिवाय तो खाणार नाही, हेही सांगितलं. तिने प्रत्येक गोष्ट माझ्यामागून म्हटली.

मी विचारलं, मुलाच्या दम्याचं काय करणार?

"बघू. बाल्कनीत ठेवीन. जाळी लावून घेईन," ती म्हणाली. "अप्पांचा आहे, तंबी. असा कसा टाकू?"

थांब, बघते, असं म्हणून ती फोन हातात घेऊनच निघाली. तिच्या पावलांचा आवाज येत होता, मागचं दार उघडल्याचा, मग पुढच्या दाराचा. मग ती गल्लीतून हाका मारत चालली. मणि, मणि. थोडं पुढे गेल्यावर ती मणिराव म्हणायला लागली. या नावाची ती इतकी वर्षं थट्टा करत आली होती. ती थांबत नव्हती. मणिराव, या. मणिराव, या.

मग दुसऱ्या एका बाईचा आवाज आला. फुलवालीचा. ती तमिळमध्ये हळू बोलत होती, आणि तेवढं तमिळ मला आता कळत होतं. हाका मारू नकोस, ती म्हणाली. इकडे ये, बस. दिवाळीच्या पावसातच गेला तो. वाद्यारांनी आणि मी मिळून लिंबाखाली पुरला. मला शपथ घातली होती, कोणाला बोलू नको म्हणून.

का, मुलीने विचारलं.

"कळलं तर मुलगी मला घेऊन जाईल, म्हणाले."